पिवळ्या गोळ्यांची वही

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून ही वही. पालघरच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. त्यांनी माझा उजवा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि विचारलं, "आजवर दुखण्यावर काय घेत होतात?" म्हटलं, मेडिकलवाला देईल ते. "किती?" दुखेल तितकं. यावर बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबानेसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

रक्तदाब तपासला, मूत्रपिंडासाठी रक्त-लघवी तपासायला दिली, आणि म्हणाल्या, "गोळी देते, पण तुम्ही रोज लिहायचं. कधी दुखलं, कधी घेतली, काय खाऊन घेतली." त्यांना काय ठाऊक, त्यांनी कुणाला सांगितलं ते! सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यात किती लाद्या आल्या आणि कुठल्या बोटीला किती गेल्या, हे मी आयुष्यभर लिहिलं आहे. गुडघासुद्धा त्या थंडगार फरशीनेच खाल्ला. एक लादी कधी इकडची तिकडे झाली नाही, तिथे गोळ्यांचं काय घेऊन बसलात.

गोळी पिवळी आहे. रिद्धीने आणून दिली. ही माझी सून, बोईसरच्या एका मेडिकलमध्ये कामाला आहे. माझा मुलगा दिपेश तिकडेच तारापूरच्या कंपनीत आहे, त्यामुळे दोघं तिकडेच राहतात. इथे सातपाटीला मी आणि माझी बायको जमना.

आज दुपारी जेवून एक घेतली. डब्यात उरल्या एकोणतीस.

५ नोव्हेंबर

दुखलं नाही. घेतली नाही. एकोणतीस.

९ नोव्हेंबर, शनिवार

बाईंच्या सूचना आज मोठ्या अक्षरात उतरवून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवल्या. वर माझं नाव घातलं, धर्माजी, खाली रेघ मारली. मग जमनाला मोठ्याने वाचून दाखवल्या, म्हणजे मी चुकलो तर घरात एक साक्षीदार असावा. ती भाकऱ्या थापत होती.

गोळी पोटभर जेवल्यावरच, रिकाम्या पोटी नाही. फार दुखेल त्याच दिवशी. दिवसात दोनच्या वर नाही, सलग पाच दिवसांच्या वर नाही. सोबत दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी नाही, कुणी कितीही मायेने दिली तरी. ताडी नाही. पोटात जळजळलं, पाय सुजले, शी डांबरासारखी काळी झाली, तर गोळी बंद आणि तडक दवाखाना.

"रिकाम्या पोटी नाय," जमना हसली. "तुमचा पोट कदी रिकामा असते?"

तिचं मात्र उलट आहे. पहाटे पाचला काळा चहा घेऊन बंदरावर लिलावाला जाते, मासळी घेते, टमटमने पालघरच्या बाजारात जाऊन बसते. बोहनी होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही, ही तिच्या आईची शिस्त. पहिलं गिऱ्हाईक कधी नऊला येतं, कधी अकरा वाजतात. लग्न झाल्यापासून बघतो आहे, एक दिवस मोडली नाही तिने. अशी निष्ठा आता नव्या पोरींत नाही.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी एक मजा झाली. जमना बाजारातून आली, आणि ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर बसूनच राहिली. पाच तर पायऱ्या आमच्या. रिकामी पाटी मांडीवर, आणि तोंड समुद्राकडे. मी आतून हाक मारली, चहा थंड होतोय. म्हणाली, "थांबा जरा, समुद्र बघते."

बासष्ट वर्षं समुद्राकाठी काढली, कधी मान वळवून बघितला नाही. आता वय झाल्यावर बाईला समुद्र दिसायला लागला! मी तिला खूप चिडवलं. हसली, पण उठली नाही. मग मीच चहा बाहेर नेला आणि गुडघा सांभाळत बाजूला बसलो. छान वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी तिने नेहमीसारखं माझ्या गुडघ्याला तेल चोळलं. तिच्या हाताला मासळीचा वास येतो असं लोक म्हणत असतील. मला तो वास आला नाही तर झोप लागत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

वहीप्रमाणे डब्यात बावीस हव्यात. सोळा आहेत. तीनदा मोजल्या, उजेडात नेऊन मोजल्या. सोळाच.

२३ नोव्हेंबर

पंधरा. आणि काल-आज मी घेतलेलीच नाही.

३० नोव्हेंबर

रिद्धी आली होती. पालघरजवळच्या माहीमहून, तिच्या माहेरच्या वाडीतली केळी घेऊन आली. मी तिला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "पोरी, पाकिटं देताना मोजून घेतेस ना?" ती म्हणाली, "बाबा, पाकीट बंद असतं. दहाचं दहाच असतं." म्हटलं, मग गोळ्यांना काय पाय फुटतात?

तिने केळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "घरात अजून कुणी घेतंय का यातल्या?"

असा राग आला! घरात आहे कोण? मी आणि जमना. म्हणजे मीच घेतो आणि विसरतो असं तिला सुचवायचं होतं. सदुसष्ट म्हणजे काही फार वय नाही. मी तिला वही उघडून दाखवली. तिने वाचली, आणि चुलीकडे भाकरी करत बसलेल्या जमनाकडे बघत राहिली. जमनाने वर बघितलंच नाही. सासूसमोर अपमान झाला म्हणून पोरीला वाईट वाटलं असणार.

जाताना ती जमनाला म्हणाली, "आई, रविवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला, सहज तपासून घेऊ." जमना म्हणाली, "माला काय धाड भरली हाय?" खरंच, या बाईला चाळीस वर्षांत साधं पडसं झालेलं मला आठवत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

माझा गुडघा बरा आहे. दहा दिवसांत दोनच गोळ्या. बाई खूश होतील.

जमनाचं मात्र पोट बिघडलंय. छातीखाली जळजळतं म्हणते, पाण्यात सोडा घालून घेते. काळा चहा कमी कर म्हटलं. माझं ऐकायचंच नाही असं तिने सप्तपदीच्या वेळी ठरवलेलं आहे.

डब्यात नऊ. हव्या होत्या वीस. रिद्धीला फोन लावला आणि बोलू नये ते बोललो. तुझ्या दुकानात गोळ्या विकायला कमी पडतात का, असं म्हणालो. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आईंना विचारा ना." आणि फोन ठेवला. प्रत्येक गोष्टीत आईला मध्ये घ्यायची काय सवय!

८ डिसेंबर, रविवार

दिपेश-रिद्धी आले नाहीत. दिपेशचा फोन आला, "बाबा, तिला रडवलंत तुमी." जमना दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी तेल चोळताना मध्येच थांबली, दम खाल्ला, परत चोळायला लागली. म्हटलं, दमलीस का? म्हणाली, "पोरीला काय बोलू नका. गोळ्या गेल्या तर गेल्या."

गेल्या तर गेल्या! माझ्या जागी ही असती तर कारखाना विकला गेला असता.

१४ डिसेंबर

चोराला धडा शिकवला. डब्यात आठ गोळ्या, डबा लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेच्या करगोट्याला.

१५ डिसेंबर

आठच्या आठ. एकही कमी नाही! म्हणजे चोर बाहेरचाच. शेजारच्या विक्रमचं येणंजाणं असतं, पण नाव घेत नाही, पुरावा हवा.

जमनाने विचारलं, "डबा कुठे ठेवला?" म्हटलं, कशाला? "पुसायला." बिचारी. भांडली तरी माझ्या डब्याची काळजी आहेच.

आज ती पाचही पायऱ्या बसून बसून चढली. समुद्र काही विशेष नव्हता.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज चढताना थांबली नाही. चेहरा पांढुरका दिसतो, पण पायांत जोर आहे. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या रखमाने मनोरहून काहीतरी आणून दिलं म्हणे. कमरेच्या पिशवीत कागदाची पुडी दिसली. विचारलं तर म्हणाली, बडीशेप.

जेवली नाही. दोन घास खाऊन ताट सारलं.

१९ डिसेंबर

काल लिहिलं नाही. काल सकाळी साडेनऊला रखमाचा फोन आला. "भावजी, जमना पडली. लवकर या."

पालघरला कसा पोचलो आठवत नाही. बाजारातून तिला बायकांनी उचलून दवाखान्यात नेलं होतं. पाटी तशीच होती, बोहनी झाली नव्हती. मी पोचलो तेव्हा तिच्या हाताला सुई लावलेली, ओठ कागदासारखे पांढरे. माझ्याकडे बघून म्हणाली, "मासळी बर्फात ठेवायला सांगा." मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही.

पोटात जखम झाली आहे. गेले कित्येक दिवस आतल्या आत रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी तिला विचारलं, शी काळी होत होती का? ती म्हणाली, "होय, पंधरा दिस झाले." मग त्यांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का? जमनाने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

कमरेच्या पिशवीत रखमाच्या पुडीतल्या चार गोळ्या होत्या, आणि तळाशी, घामाने चिकटलेली एक पिवळी. डॉक्टर म्हणाले, रंग वेगळा, पण जात एकच. पेटीला कुलूप लागण्याआधीची ती शेवटची असणार. पिवळ्या संपत आल्या म्हणून तिने पुडी घेतली. कुलूप मी लावलं होतं.

दोन पिशव्या रक्त चढवलं. दुर्बीण घालून जखम बंद केली. आणखी एक दिवस गेला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. रात्रभर रिद्धी तिच्याजवळ बसली. मला एका शब्दाने बोलली नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज जमना नीट बोलली. मी तिला म्हटलं, "तुला वाचून दाखवलं होतं की मी. रिकाम्या पोटी नाही, दुसऱ्या गोळीबरोबर नाही, काळी शी झाली तर दवाखाना. सगळं ऐकलंस तू."

"ऐकला."

"मग?"

"तो तुमचा कागद होता. वर तुमचा नाव होता."

 तिला अक्षरं जुळवून नाव वाचता येतं, माझं आणि स्वतःचं. माझं नाव मीच तिथे घातलं होतं, खाली रेघ मारून.

"दुखतं म्हणून सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगून काय? दोगांचे गुडघे गेले तर तुमचे कोण चोळणार?" मग पदर सारखा करत, "आन् दिपेश बोलला असता, बस झाला बाजार. तिते बसली की माजा दिस असते. घरात बसून मी काय करू, तुमच्या गोळ्या मोजू?"

मी तिचा हात धरून बसलो. दवाखान्यात औषधाचा इतका वास होता की तिच्या हाताचा वास येत नव्हता.

२३ डिसेंबर, सोमवार

आमच्या डॉक्टरीणबाई तिला बघायला आल्या. गुडघा वाकवून पाहिला. तिचा डावा. माझ्या उजव्यापेक्षा वाईट आहे.

"कधीपासून दुखतंय, मावशी?" जमनाला आठवेना. दिवाळीच्या आसपास म्हणाली, मग म्हणाली नाय, नंतर. बाई म्हणाल्या, तारीख कळली असती तर गोळ्या किती पोटात गेल्या याचा अंदाज आला असता.

वही माझ्या पिशवीत होती. पिशवीत का ठेवली होती ते सांगता येत नाही. काढली आणि पानं उलटायला लागलो. चौदा नोव्हेंबर, तिसऱ्या पायरीवर बसली, समुद्र बघते म्हणाली. बावीस नोव्हेंबर, सहा गोळ्या कमी. पाच डिसेंबर, छातीखाली जळजळ, अकरा कमी. आठ डिसेंबर, तेल चोळताना दम लागला. पंधरा डिसेंबर, पाचही पायऱ्या बसून चढली. सतरा डिसेंबर, चेहरा पांढुरका, रखमाची पुडी, दोन घास.

मी वाचत होतो आणि बाई लिहून घेत होत्या. सगळं होतं. तारीखवार होतं, माझ्या अक्षरात. जमनाच्या दुखण्याचा एकही दिवस मी सोडला नव्हता. फक्त ते तिचं दुखणं आहे, एवढंच मला कळलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "काका, इतकी चांगली नोंद मला कुणी आणून दिली नाही." शाबासकी होती, पण मला तोंड वर करवेना. रिद्धी माझ्या मागे उभी होती. तिने खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "पोरी, मी तुला चोर म्हटलं." ती म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मी फोनवर आडून न बोलता घरी येऊन सांगायला हवं होतं. आईंनी शपथ घातली होती."

म्हणजे तिला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं, आणि मी नोंद ठेवणारा.

२९ डिसेंबर

घरी आलो. ह्या जातीची गोळी जमनाला आता आयुष्यात नाही. पोटाची गोळी दोन महिने. गुडघ्याला लावायचं मलम, रोजचा व्यायाम, आणि फारच दुखलं तर ताप-अंगदुखीची साधी पांढरी गोळी, तीसुद्धा बाईंनी लिहून दिलेल्या मापात.

भिंतीवरचा कागद काढला. नवीन लिहिला. वर दोन नावं आहेत, आधी तिचं. तिने बोट फिरवून दोन्ही वाचली.

संध्याकाळी मी तिच्या गुडघ्याला मलम लावलं. जन्मात पहिल्यांदा. जोरात चोळायला गेलो तर ओरडली, "बर्फाची लादी हाय काय ती?" हलक्या हाताने लावायचं असतं, बाईंनी सांगितलं होतं. गुडघा सुजून गरम होता. इतक्या वर्षांत मी तिचा गुडघा कधी पाहिलाच नव्हता, तो नेहमी नऊवारीत आणि पाटीच्या मागे असायचा.

१२ जानेवारी, रविवार

घरात सभा भरली. दिपेश म्हणाला, बाजार बंद. जमना तांदूळ निवडत राहिली, आणि तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "बंद नाही. आठवड्यातून तीन दिवस. पाटी डोक्यावर नाही, टमटमवाल्याने उतरवायची. खाली बसायचं नाही, स्टुलावर." दिपेश म्हणाला, "बाबा, तुमी आईची बाजू घेता?" म्हटलं, हो, घेऊन बघतो आता.

"एक राहिलं," रिद्धी म्हणाली. "रिकाम्या पोटी राहायचं नाही. पोटाची गोळी, मग अर्ध्या तासाने खायचं, मगच बाजार." जमनाने मान हलवली. बोहनीआधी घास नाही. आईला शब्द दिला आहे, आई आता नाही, तर तो सोडवून घ्यायचा कुणाकडून? सगळे समजावून थकले.  माझ्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

२० जानेवारी, सोमवार

आज जमना पहिल्यांदा बाजाराला निघाली. मी पहाटे तिच्या मागोमाग काठी टेकत बंदरावर गेलो. रुमालात दोन भाकऱ्या आणि कालचं कालवण घेतलं होतं. तिने निघताना पोटाची गोळी घेतली होती, मी घड्याळ बघितलं होतं. लिलाव झाला, तिने बोंबील आणि मांदेली घेतली, पाटी भरली, वर बर्फ घातला. टमटम यायला वेळ होता.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मांदेली कशी दिली?"

"तुमी कशाला आले?"

"गिऱ्हाईक आहे. मांदेली कशी दिली, विचारलं."

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. जमना लाजली. बेचाळीस वर्षांपूर्वी लाजली होती तशी, मग लगेच भानावर आली. "नाय परवडायची तुमाला."

"एकच द्या. दहा रुपये."

"दहा रुपयात एक? नवऱ्याला लुटते बोलतील."

"लुटा."

तिने बोटांनी एक मांदेली उचलली, चांगली मोठी निवडली, कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. नोट घेतली, पाटीच्या काठाला लावली, कपाळाला लावली. आणि तिला कळलं मी काय केलं ते. नोट हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मी रुमाल सोडला आणि भाकरी तिच्यासमोर धरली.

"बोहनी झाली," मी म्हटलं. "आता खा."

ती लिलावाच्या ओट्याच्या काठावर बसली आणि खाल्लं. मी टमटम येईपर्यंत तिथेच उभा होतो. चढताना माझ्या खांद्याला धरलं तिने. म्हणाली, "डावा ठणकते हो आज."

मांदेली घरी आणून तळली. एक मांदेली म्हणजे ती काय, एका घासात संपली.

नोंद. धर्माजी: गुडघा ठीक, गोळी नाही. जमना: डावा गुडघा, चढताना. गोळी नाही. भाकरी दीड. दुखतं म्हणून तिने स्वतः सांगितलं.